उकड्या तांदळातलं कार्ड

पुरवणी जबाब
दिनांक २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना

नाव: सौ. समीक्षा सुशांत कुबल, वय ३४ वर्षे, व्यवसाय: खासगी कंपनीत लेखा विभागात नोकरी (अंधेरी), राहणार: बोरीवली पूर्व, मुंबई. मूळ गाव तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

मी आज स्वतःहून पोलीस ठाण्यात आले असून, महिला उपनिरीक्षक सुलक्षणा मोहिते मॅडम यांच्यासमोर सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती सुशांत आणि सासूबाई श्रीमती जानकी कुबल असे तिघे राहतो. आमच्याकडे चंपा अंबादास खिल्लारे ही बाई धुणीभांडी आणि केरलादीला येते. तिच्याविरुद्ध मी शुक्रवारी याच ठाण्यात लेखी अर्ज दिला होता. माझे नवीन क्रेडिट कार्ड घरी आले, ते चंपाने घेतले आणि मला दिले नाही, असे त्यात लिहिले होते. तो अर्ज खोटा ठरला आहे. तो कसा दिला गेला ते आता सांगते.

मला क्रेडिट कार्डांची आवड आहे. आवड हा शब्द मॅडमनी लिहिला, मी सवय म्हणाले होते. नवीन कार्ड घेतल्यावर बँक सुरुवातीला बोनस देते. कोणी विमान तिकिटाचे पॉइंट देते, कोणी ट्रॉली बॅग देते, कोणी पहिल्या वर्षाची फी माफ करते. कुठल्या कार्डावर काय मिळते हे मी रोज जेवणाच्या सुट्टीत बघत असते. आमच्या सोसायटीतल्या बायका मला विचारल्याशिवाय कार्ड घेत नाहीत. मला त्या बोनसवाली म्हणतात आणि मला ते ऐकायला बरे वाटायचे. माझ्याकडे आधी तीन कार्डे आहेत. हे चौथे.

हे चौथे मी फार विचार करून निवडले. एका कार्डावर पेट्रोलची सूट होती, पण आमच्याकडे गाडी नाही. दुसऱ्यावर सिनेमाची तिकिटे होती, पण सुशांत सिनेमाला येतच नाही, झोपतो. या तिसऱ्या बँकेच्या कार्डावर एवढे पॉइंट मिळत होते की त्यात गोव्याच्या विमानाची दोन तिकिटे आली असती. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात, बसने गावी जाऊन आल्या की चार दिवस आडव्या असतात. त्यांना विमानाने न्यायचे असे माझ्या मनात होते. पूर्ण खरे सांगायचे तर मलाही विमानतळावरच्या त्या लाउंजमध्ये बसून फुकटचे खायचे होते. अट एकच होती, कार्ड मंजूर झाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्यावर एक मोठी खरेदी करायची. आज तो शेवटचा दिवस.

मॅडमनी विचारल्यावरून सांगते की, हे कार्ड घेतल्याचे मी सासूबाईंना सांगितले नव्हते. मागच्या वर्षी माझे एक बिल थकले होते. तेव्हा वसुलीवाल्याचा फोन घरी आला, तो आईंनी उचलला आणि तो माणूस त्यांना नाही नाही ते बोलला. आईंनी मला देवासमोर बसवून नारळावर हात ठेवायला लावला आणि आता पुरे, आणखी कार्ड नाही, असे माझ्याकडून वदवून घेतले. त्यामुळे चौथ्याबद्दल मी गप्प होते. सुशांतला माहीत होते. तो म्हणाला होता, "तू आणि आई, मला मध्ये घेऊ नका."

पितृपक्ष लागल्यावर, आम्ही दोघे कामावर असताना पाकीट आले. त्या वेळी घरी आई आणि चंपा होत्या. पुढच्या तीन-चार दिवसांत आई गावी गेल्या, कारण सासऱ्यांचा म्हाळ गावच्या घरी घालतात. पितृपक्षातल्या श्राद्धाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात.

मी कार्डाची वाट बघत राहिले. शेवटी गेल्या गुरुवारी सकाळी बँकेला फोन केला. ते म्हणाले, कार्ड केव्हाच पोचले आहे, घेणाऱ्याचे नाव चंपा. मी तिथेच चंपाला विचारले. ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला आणि सांगितले, "पाकीट मी घेतलं ताई, सही पण मीच केली. आणि लगेच आजींच्या हातात दिलं."

मी आत जाऊन, दार लावून आईंना गावी फोन केला. क्रेडिट कार्ड हा शब्द मी काढला नाही. मी एवढेच विचारले की, "आई, मागे माझं काही पार्सल वगैरे आलं होतं का हो?" आई म्हणाल्या, "पार्सल? नाय गो बाय, माका काय्येक म्हायत नाय." मी आणखी काही विचारले नाही. जास्त विचारले असते तर कसले पार्सल ते सांगावे लागले असते.

बाहेर येऊन मी चंपाला सांगितले की आई नाही म्हणतात. चंपा त्यावर काही बोलली नाही.

सुशांतचे म्हणणे होते, "कार्ड बंद कर ना यार, दुसरं मागव, फुकट येतं." मी बँकेत विचारले होते. कार्ड बंद करून नवीन मागवले तर ते येईपर्यंत तीस दिवस उलटून जाणार होते आणि बोनस गेला असता. म्हणून मी कार्ड बंद केले नाही. चोरीला गेलेले कार्ड माणूस आधी बंद करतो, तुम्ही का केले नाही, हे मॅडमनी मला शुक्रवारीही विचारले होते. तेव्हा मी सांगितले की बँकेचा फोन लागत नाही. ते खोटे होते. मला कार्ड परत हवे होते, लवकर हवे होते, आणि पोलिसांनी दरडावले की चंपा ते काढून देईल अशी माझी समजूत होती.

गुरुवारीच मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिले की चंपाबाईने आमच्या घरी चोरी केली आहे, सर्वांनी सावध राहावे. त्याखाली बायकांनी हात जोडल्याची आणि रागाची चित्रे टाकली. दुसऱ्या दिवशी गेटवरची तिची नोंद बंद झाली. आमच्या इमारतीत तिची आणखी चार घरे होती, ती सगळी गेली. त्यातल्या कोणी मला काही पुरावा आहे का असे विचारले नाही. विचारले असते तर माझ्याकडे सांगायला काही नव्हते.

चंपाला इथे चौकशीसाठी काल बोलावले होते आणि आज सकाळीही बोलावले होते. आज घटस्थापना आहे. चंपाच्या घरी घट बसतो. दरवर्षी या एका दिवसाची सुट्टी ती महिनाभर आधी सांगून ठेवते आणि मी दरवर्षी कुरकुरते.

आज सकाळी नऊच्या सुमारास आईंचा गावाहून फोन आला. आवाज खुशीत होता. घट बसले, आरती झाली, असे सांगून त्या म्हणाल्या, "आता माझ्या उकड्या तांदळाच्या डब्यात हात घाल. तुझी वस्तू हा थंय."

उकडे तांदूळ आमच्याकडे फक्त आई खातात. आम्ही दोघे कोलम खातो. आई गावी गेल्यापासून तो डबा कोणी उघडला नव्हता. मी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेले बँकेचे पाकीट होते, न उघडलेले. वर हळदकुंकू वाहिलेले होते आणि सोबत एक सुपारी होती.

फोन चालूच होता. मी विचारले, "आई, मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?" त्या म्हणाल्या, "अगो, हाताक कडक लागला तेव्हाच समाजलंय, कार्ड हा. घेतलंस ता घेतलंस, मी आता काय करतलंय? पण म्हाळात नवी वस्तू उघडूची नसता. तुका सांगलंय असतंय तर तू ऱ्हवलंस असतंस? आज घट बसलो, आता उघड. आणि ह्या बिलाचो तरी फोन येव देव नको."

आईंना मी तेव्हाही चंपाबद्दल काही सांगितले नाही. त्यांनी आपणहून विचारले, "चंपा बरी हा मा? तिच्याच हातान इला ता पाकीट. शुभ हात हा तिचो." मी म्हणाले, बरी आहे.

आता मॅडमनी विचारले की, कार्ड नऊच्या सुमारास सापडले आणि तुम्ही ठाण्यात आलात चारनंतर, मधल्या वेळात काय करत होतात. हे लिहायलाच हवे का, असे मी विचारले. हवे, असे त्या म्हणाल्या. मग मी सांगते.

कार्ड हातात आल्यावर मला पहिली आठवण चंपाची झाली नाही. आज शेवटचा दिवस, ही झाली. चंपाची आठवण दुसरी झाली. ती सकाळपासून पोलीस ठाण्यात बसलेली आहे हे मला माहीत होते, कारण ठाण्यातून मला तसे कळवले होते. पण मला असे वाटले की, कार्ड सापडले म्हणून सांगायला गेले तर पोलीस ते पुराव्यासाठी ठेवून घेतील आणि मग आजच्या आज वापरता येणार नाही. म्हणून आधी खरेदी उरकायची आणि मग जायचे असे ठरवले. अर्ध्या तासाने काय फरक पडतो, असे मी स्वतःला सांगितले.

कार्ड चालू करायला वेळ लागला. नंतर स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तिथे सणाची गर्दी होती. माझा नंबर आला तेव्हा त्यांचे मशीन चालेना. दुकानदार म्हणाला, मॅडम, रोख द्या ना. मी नाही म्हणाले आणि थांबले. दुकानात बसायला खुर्ची दिली होती. मशीन सुरू झाल्यावर मी मिक्सर घेतला. आमच्या घरात मिक्सर आहे, चांगला चालतो.

परत घरी जाऊन मिक्सर ठेवला, जेवले आणि मग इकडे यायला रिक्षा केली. रिक्षात बँकेचा मेसेज आला की अभिनंदन, आपले बोनस पॉइंट जमा झाले आहेत. मी तो दोनदा वाचला. मला आनंद झाला. हे वाक्य काढू नये, अशी माझी विनंती आहे.

ठाण्यात आले तेव्हा चंपा व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. नवीन साडी नेसली होती, घटासाठी काढून ठेवलेली असणार. मला बघून ती उभी राहिली. मी इतके सगळे करूनही ती माझ्यासाठी उभी राहिली, त्याची मला फार लाज वाटली. मी म्हणाले, "चंपा, कार्ड सापडलं. आईंनीच ठेवलं होतं, तांदळात." ती म्हणाली, "आजींनी ठेवलं होतं म्हणजे नीटच ठेवलं असणार." मग तिने विचारले, "कधी सापडलं, ताई?" मी आत्ताच म्हणाले. तेही खोटे होते आणि ते मी आत्ता मॅडमसमोर, तिच्यादेखत सुधारत आहे. सकाळी सापडले, चंपा. तुझा घट बसवायची वेळ होती तेव्हा सापडले.

माझी चंपाविरुद्ध काही तक्रार नाही. तिने काही चोरले नाही. ग्रुपवर मी हे आजच माझ्या नावाने लिहीन आणि तिची गेटवरची नोंद सुरू करायला सांगेन. तिला कामावर परत ये असे मी म्हणाले. खोट्या अर्जाबद्दल माझ्यावर काय कारवाई होईल ती मला मान्य आहे.

वरील जबाब मॅडमनी वाचून दाखवला. चंपाला सहीपुरते नाव लिहिता येते पण वाचता येत नाही, आणि हे सगळे तिच्याबद्दल आहे, म्हणून तो तिच्यासमोर मोठ्याने वाचावा असे मी सांगितले होते. वाचन चालू असताना चंपाने एका ठिकाणी थांबवले. गुरुवारच्या बोलण्यात "चंपा त्यावर काही बोलली नाही" असे मी सांगितले आहे, तिथे. ती म्हणाली, "बोलले होते. ताई, माझ्यासमोर आजींना फोन लावा, मी बोलते त्यांच्याशी, असं म्हणाले होते. एकदा नाही, तीनदा म्हणाले. ते लिहा."

मॅडमनी माझ्याकडे बघितले. ती तसे म्हणाली होती. मी फोन लावला नाही, कारण चंपा आईंसमोर कार्ड म्हणाली असती.

ही दुरुस्ती लिहून घेतली, पुन्हा वाचली, आणि चंपाने मान हलवल्यावर मी खाली सही केली. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आणि दुरुस्ती तिच्या सांगण्याप्रमाणे आहे. दोन्ही बरोबर आहेत.

सही/-
सौ. समीक्षा सुशांत कुबल

समक्ष:
सही/-
महिला पोलीस उपनिरीक्षक