ते बोल्ट बाबांनीच कसले होते

काका, मावशी, भनपुरीहून दुकानं बंद करून आलेले सगळे मिस्त्री भैया, तुम्ही बाबांच्या शोकसभेला आलात. आईला बोलवत नाही, म्हणून मी उभी आहे. मलाही जमेल की नाही, माहीत नाही. थांबत थांबत बोलते.

माझे बाबा नागपूरकडून रायपूरला आले आणि भनपुरीत गॅरेज टाकलं. पुढे रायपूर राजधानी झालं, टॅक्स्या वाढल्या, काम वाढलं. मी डिप्लोमा करून त्यांच्याच हाताखाली उभी राहिले. इंजिन खोलायचं काम कोणीही करायचं. पण जोडताना हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे, बोल्ट कसायचे ते बाबांनीच. मधून सुरुवात करायची, आलटून पालटून बाहेर जायचं. एकदम नाही, थोडं थोडं. ठरलेला जोर लागला की टॉर्क पाना 'टक' करतो, हाताला बारीक झटका बसतो, तिथं थांबायचं. मी घाई केली की म्हणायचे, "काहून पळून राहिली? पाना बोलते, तेवढं आईक."

मग त्यांना साखरेचा आजार झाला. बोटं बधिर झाली. एकदा गरम सायलेन्सरवर बोट टेकलं, ते त्यांना कातडी जळाल्याच्या वासावरून कळलं. बाबा, हेडचे बोल्ट आता मी कसते, असं मी म्हटलं. ते हसले. एवढी वर्षं कोणी कसले, म्हणाले. बाजूला ग्राइंडर चालू असायचा, टक ऐकू यायचं नाही. आणि झटका बोटांना कळत नव्हता. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

सिमगा गावच्या संतोष भैयांच्या टॅक्सीचं इंजिन बाबांनी तेव्हाच जोडलं. काही आठवड्यांनी ते आपल्या आईला, फुलबाईंना, सिमग्याहून रायपूरच्या दवाखान्यात आणत होते. छातीत दुखत होतं. वाटेत इंजिन तापून बंद पडलं. दुसरी गाडी मिळेस्तोवर वेळ गेला. फुलबाई वाचल्या नाहीत. हृदयाचा झटका मोठा होता, लवकर आणलं असतं तरी भरवसा नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

गाडी ओढून आमच्याकडेच आली. बाबांनी हेड खोललं. हेडखालचं गॅस्केट फुटलेलं, म्हणूनच इंजिन तापलं होतं. एक बोल्ट हातात घेऊन ते खालीच बसले. जास्त कसल्यानं तो ताणला गेला होता, मधे बारीक होऊन त्याची पकड सुटली होती.

गॅस्केट खराब निघालं, एवढं म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं का? आईनं हेच म्हटलं. इथं बसलेल्या काही जणांनीही म्हटलं. पण बाबा मला घेऊन सिमग्याला गेले. संतोष भैयांच्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "संतोष, वो बोल्ट मैंने कसे थे. ज़्यादा कस गए. मेरी उँगलियों में जान नहीं है, और मैंने किसी को बताया नहीं."

संतोष भैया म्हणाले, "आप नहीं बताते, तो मुझे पता भी नहीं चलता."

बस, एवढंच. घरात निघून गेले.

हा राग होता, की माफी होती? परत येताना बाबांनी मला विचारलं. नंतरही विचारत राहिले. जेवताना विचारायचे, काम करता करता विचारायचे.

त्यांनी पुन्हा टॉर्क पाना धरला नाही. पण भनपुरीतल्या प्रत्येक दुकानात गेले. हात पुढे करून सांगितलं, साखर असेल तर बोटं तपासून घ्या, लपवू नका. काहींनी तपासून घेतली. काही गिऱ्हाईकं मात्र आमच्याकडे यायची बंद झाली. आईनं कित्येक दिवस अबोला धरला. काका, तुम्ही बाबांना म्हणालात, वसंता, तोंड बंद ठेवलं असतं तर घर सुखात राहिलं असतं. खरं असेल. पण बाबा सुखात राहिले असते का? मला वाटत नाही. सांगूनही ते सुखात नव्हते. गेले तेही तसेच, तोच प्रश्न घेऊन.

संतोष भैया आज आले आहेत. दाराशी उभे आहेत. मी त्यांना काही विचारणार नाही. भैया, तुम्हालाही काही बोलायची गरज नाही.

आता सगळ्यांनी उभं राहावं, एवढीच विनंती. थोडा वेळ गप्प राहू. आधी फुलबाईंसाठी. मग माझ्या बाबांसाठी.