पहिला ठोसा कोणी शिकवला

हॅलो?… हो, लाँड्रीच. आजीच बोलते आहे… कोण?… उद्घोषिका? म्हणजे रिंगमध्ये माइक धरून बॉक्सरांची नावं पुकारते, ती तू?… अगं, मग अशी भेदरल्यासारखी काय बोलतेस! आवाज पोटातून काढ… हां. आता कसं!

माहिती पडताळायची आहे? पडताळ की. पेन घे आणि मुळापासून लिही. चॅम्पियनची पणजी, म्हणजे माझी आई. तिनं दगडावर कपडे आपटून हे दुकान उभं केलं. चॅम्पियनची आजी, म्हणजे मी. मी पहिलं यंत्र आणलं आणि तीन हॉटेलांच्या चादरी मिळवल्या. चॅम्पियनची आई, म्हणजे माझी लेक. ती आत्ता माझ्यासमोर इस्त्री करते आहे आणि आपलं काही लक्षच नाही असं दाखवते आहे. या तिघींचे दंड एका पोरीत उतरले, असं म्हण आणि मग तिचं नाव घे… किती?… वीस सेकंद?… अगं, वीस सेकंदांत माझ्या आईची एक चादरसुद्धा पिळून होत नसे!

हो, हो… अगं ऐक ना. लढतीला वेळ किती आहे?… नऊ मिनिटं? पुष्कळ झाली.

मी हॉलमध्ये का नाही? मला बंदी आहे… संयोजकांची नव्हे गं, नातीची. मागच्या खेपेला रेफरीनं सहाव्या फेरीत उगाचच तिला ताकीद दिली, तेव्हा मी दोरांमधून डोकं आत घालून त्याला एवढंच विचारलं, की तुमच्या घरी वडीलधारं कोणी आहे का. बस्, एवढंच! तर दोघांनी मला पाय धरून मागे ओढलं. या वयात, पाय धरून!… हसू नकोस. हस, पण आवाज न करता हस.

वाच तू, मी ऐकते… एकतीस लढती, बरोबर. अठ्ठावीस विजय, बरोबर. दोन पराभव… हो, पहिली लढत हरलीच ती. चौथ्या फेरीत आडवी झाली. घरी आली, कोणाशी बोलली नाही, साठ उशांचे अभ्रे इस्त्री केले आणि झोपली. सकाळी उठून म्हणाली, ‘आजी, मी हनुवटी वर ठेवत होते.’ तेव्हाच मी ओळखलं, ही चॅम्पियनचा पट्टा आणणार… दुसरा पराभव खांदा निखळला तेव्हाचा. वर्षभर पट्टा दुसरीच्या कमरेला होता. मग परत आणला ना! नवव्या फेरीत, डाव्या हातानं, आणि तोही हात मोडलेला!… एक बरोबरी? ती खोड. बरोबरी नव्हती ती, पंचांना चष्मा नव्हता… नियमानं खोडता येत नाही? बरं, मग वाच, पण पुटपुटल्यासारखी वाच.

टोपणनाव ‘इस्त्री’. हो, समोरचीला सपाट करते म्हणून… ते मीच ठेवलं, हे मात्र अगदी खरं आहे.

पुढे?… ‘पहिले धडे आजीकडून.’… हं… ते… पेपरात आलं होतं तसं. फ्रेम करून गल्ल्यावर टांगलं आहे आम्ही. पुढचं वाच ना गं…

कोण हसलं?… तुझ्या शेजारून कोणीतरी हसलं… घंटेवाले आजोबा? आजपासून नेमलेत?… कसे आहेत दिसायला?… कॉलर कडक आहे का? आतूनसुद्धा इस्त्री केलेली?… आणि डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग? त्रिकोणी?…

…थांब, स्टूल ओढून घेते.

काय म्हणाले ते?… ‘बरोबर आहे, तसंच वाच’?… असं म्हणाले?… आणि हसले कसे? कुत्सित?… छान हसले. छान हसले म्हणे!

मी स्पीकरवर नाही ना?… मग त्यांच्याकडे मुळीच बघू नकोस, हवापाण्याचं बोलते आहेस असं दाखव, आणि ऐक. ते मास्तर आहेत. आमच्या दुकानात इस्त्रीवर होते. तरुणपणी स्वतः बॉक्सिंग खेळलेले. पोरगी नऊ वर्षांची असताना गच्चीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरींवर तिला ठोसे मारायला शिकवलं त्यांनी. ठोसा चुकला तर चादर नुसती हलते. नेमका बसला तर अशी काही फट्‌कन वाजते, की खालच्या मजल्यावर ऐकू येतं. तसंच ते मला ऐकू आलं! वर जाऊन बघते तर हॉटेलच्या सतरा चादरींवर मुठींचे काळे ठसे. मी मास्तरांना त्याच पावली कामावरून काढलं.

तरी पोरगी त्यांच्याकडे जात राहिली. बस डेपोमागच्या तालमीत, रोज, माझ्या चोरून. तीन वर्षांनी पहिलं पदक घेऊन आली आणि पाठोपाठ पेपरवाला आला. विचारतो, हिला शिकवलं कोणी? दुकान भरलेलं, कॅमेरा माझ्यावर रोखलेला, अंगावर नवी साडी… आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मी!’

आणि मास्तर दारात उभे होते, गं. पोरीची पिशवी हातात धरून. त्यांनी ती पिशवी हळूच पायरीवर ठेवली आणि गेले. पंधरा वर्षं झाली. ती पायरी पुन्हा चढले नाहीत.

…इस्त्री उचल! अगं, इस्त्री उचल, वकिलांचा शर्ट जळतो आहे! मी बोलते आहे, तू कशाला थिजलीस?… हो, हो, तुझ्या आईनं शिकवलेलं नाही. तुझ्या आईला जॅब आणि जाम यांतला फरक त्या दिवशी ठाऊक नव्हता!… तुला नाही गं, लेकीला म्हणते आहे. सगळं दुकान ऐकतं आहे. ऐकू दे. अर्धी गल्ली टीव्ही बघायला इथेच जमली आहे.

नातीला माहीत आहे, नाही कसं? दर लढतीआधी फोन करते आणि एवढंच विचारते, ‘आजी, आज सांगतेस?’ स्वतः कधी बोलली नाही. म्हणाली, ‘मी सांगितलं तर तू पकडली जाशील; तू सांगितलंस तर फेडशील.’ आज सकाळीही विचारलं तिनं. मी म्हटलं, ‘दूध उतू जातं आहे,’ आणि फोन ठेवला.

किती राहिली?… चार मिनिटं. मग खोड. माझी आई खोड, मला खोड, माझ्या लेकीलाही खोड… हो, तिन्ही पिढ्या. सगळी वीस सेकंदं मास्तरांना दे. लिही… कार्ड संयोजकांनी ठरवलेलं आहे? त्यांना म्हणावं, आजीनं बदललं. तक्रार असेल तर आजी स्वतः येऊन भेटेल… बघ, कसे लगेच हो म्हणाले. रेफरीचं ऐकून असतील.

लिहिलंस? वाचून दाखव… छे! ‘आजींच्या नजरचुकीमुळे’ काय? नजर चांगली होती माझी. ‘खोटं बोलली’ असंच लिही. त्यांनी ते सगळ्यांदेखत ऐकलं होतं. हेही सगळ्यांदेखतच ऐकतील.

जा आता. फोन बंद करू नकोस, टेबलावर तसाच ठेव.

श्श! सगळे गप्प. टीव्हीवर उशिरा येतं, मला आधी ऐकू येतं आहे… समोरचीचं नाव झालं. वाजवा टाळ्या, पाहुणी आहे… आता आपली… ‘एकतीस लढती’… बरोबरी पुटपुटली, शाब्बास… ‘पहिला ठोसा’… पोटातून, मुली, पोटातून!… ‘शिकवला तो मास्तरांनी, जे इथे घंटेपाशी बसले आहेत. तिची आजी पंधरा वर्षांपूर्वी खोटं बोलली. आज तिनंच हे सांगायला लावलं आहे.’…

वाचलं. एक अक्षर खाल्लं नाही पोरीनं!

अगं बाई, हा आवाज कसला?… थांबा रे, तुमच्या टीव्हीवर आत्ता येईल… आलं? सगळा हॉल उभा आहे? खुर्च्यांवर चढलेत?… आणि आपली? दोरांवरून वाकली?… दोन्ही ग्लोव्ह मास्तरांच्या गालांना लावले? अगं वेडाबाई, लढायला उभी आहेस ना तू!… कोणी रुमाल द्या रे. मला नको. लेकीला द्या… बरं, मलाही द्या.

हॅलो? मुली, आलीस? आता अडलंय कुठे? दोघी समोरासमोर उभ्या, रेफरी उभा… काय?… मास्तर घंटाच विसरले? रडताहेत?… फोन त्यांच्या कानाला लाव. लाव म्हणते ना!

मास्तर? मी बोलते आहे… हो, मीच… नाही, कोणी भरीला घातलं नाही… तसं कसं म्हणता, चूक माझीच होती… मास्तर, एकच विचारते. माझ्याकडून काही बाकी राहिलं?… काहीच नाही?… नक्की?

मग रडता काय! पोरीचे दंड गार पडताहेत. वाजवा घंटा!

…वाजली. ठेवते.