मेहरसिंगच्या ट्रकच्या मिसिंगबाबत विश्राम पेडणेकर यांचा जबाब

चंडीगड, दि. २२ जानेवारी १९७४, सकाळी ११ वाजता

नाव विश्राम लक्ष्मण पेडणेकर, वय ४७, धंदा सरकारी मोटार-वर्कशॉपात हेड मेकॅनिक, राहणार सरकारी क्वार्टर, सेक्टर २३, चंडीगड, मूळ गाव सावंतवाडी. मला हिंदी बोलता येते, पण असली गोष्ट सांगायला मराठीच लागते. म्हणून ठाणेदारांच्या परवानगीने आमच्या ऑफिसातले कारकून श्रीनिवास देवस्थळी हा जबाब मराठीत उतरवून घेत आहेत. हिंदी तर्जुमा तेच जोडतील.

मी कोणी न बोलावता हजर होऊन सांगतो की, आमच्याकडे लष्कराच्या लिलावातला एक जुना, पेट्रोलवर चालणारा ट्रक आहे. त्यावर अकरा वर्षे मेहरसिंग, राहणार खरड, हाच ड्रायव्हर आहे. नोव्हेंबरपासून हा ट्रक सकाळी धुके असले की मिसिंग करू लागला, म्हणजे सहापैकी एखादा सिलिंडर पेटायचा राहून गाडी अडखळायची. ऊन चढले की ठीक चालायची.

मी प्लग बदलले. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल बदलली. कार्बोरेटर दोनदा उघडला, टॅपेट लावून पाहिले. दोन महिने गेले, मिसिंग गेले नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालून एकही गाडी दुरुस्त न होता गेली नव्हती, आणि मी ते चारचौघांत पुष्कळदा बोलून दाखवले होते. वर्कशॉपचे साहेब रोज विचारू लागले, हाताखालची पोरे मागे हसू लागली.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याची, टोपी मात्र मी पुसली नाही की बदलली नाही. कारण असे की, खंडेनवमीला आम्ही हत्यारांची व गाड्यांची पूजा करतो. त्या दिवशी मी नारळ फोडून त्याचे पाणी इंजिनावर शिंपडले व त्या टोपीवर ओल्या हळदकुंकवाचे बोट ओढले. पूजेचा टिळा पुसायचा नाही, असे आमच्यात आहे. मेहरसिंगने मला दोनदा सांगितले होते, "मिस्तरीजी, एक बार टोपी भी देख लो." मी त्याला, "पूजा की है उसकी, हाथ मत लगाना," म्हणून झिडकारले.

नाचता येईना अंगण वाकडे, तसा मी दोष पेट्रोलवर ढकलला. पेट्रोलचे भाव भडकल्यापासून चोरीचे बोलणे सगळीकडे होतेच. संक्रांतीच्या दिवशी, दि. १४ रोजी, मी वर्कशॉपात तिळगूळ वाटला, मेहरसिंगलाही दिला, आणि दुपारी साहेबांना लेखी रिपोर्ट दिला की ड्रायव्हर टाकीतले पेट्रोल विकून रॉकेल मिसळतो. मी पेट्रोल तपासले नव्हते. नुसता वास घेतला होता, आणि रॉकेलचा वास आला असे मला वाटून घ्यायचे होते. त्या रिपोर्टवरून दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली.

दि. १७ रोजी टाकी रिकामी करून मी स्वतः पंपावर पेट्रोल भरून आणले. पहाटे साडेसहाला, धुक्यात, गाडी तशीच अडखळली. शेडमध्ये अंधार होता. बॉनेट उघडले तर हळदकुंकवाच्या ओघळावरून निळ्या ठिणग्या सरसर पळताना दिसल्या. ओघळ व नारळाचे पाणी वाळून चिकट झाले होते, दमट हवेत त्यातून वीज जात होती. टोपीवर जळल्याची काळी रेघ होती. स्टोअरमधली दुसरी टोपी बसवली. गाडी सुरळीत चालू लागली. त्या वेळी शेडमध्ये मी एकटाच होतो आणि हे कोणी पाहिले नाही याचाच मला आनंद झाला, हेही लिहून घ्यावे.

त्यानंतर पाच दिवस मी गप्प राहिलो. माझी पत्नी सुनंदा हिला मात्र त्याच रात्री सांगितले होते. ती म्हणाली, "अहो, माणूस आत आहे." रविवारी मी खरडला त्याच्या घरी सांगायला गेलो. त्याची बायको मला पाहून रडली व म्हणाली, "आप तो जानते हो उन्हें, साहब से कह दो." तिने चहा केला. मी तो प्यालो आणि काही न सांगता बसने परत आलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नाही.

मेहरसिंगने चोरी केलेली नाही. माझा रिपोर्ट खोटा आहे. माझ्यावर जी कारवाई होईल ती व्हावी, पण त्याला आजच सोडावे.

माझ्या विनंतीवरून त्याला समोर आणले. मी त्याला हिंदीत सगळे सांगितले.  मग त्याने पंजाबीत विचारले, "गड्डी हुण ठीक है?", म्हणजे गाडी आता ठीक आहे ना. मी हो म्हणालो. तो म्हणाला, "चंगा," म्हणजे बरे झाले, आणि पुन्हा आत जायला वळला. ठाणेदारांनी त्याला सोडायचे ठरवले होते, पण ते त्याला अजून कोणी सांगितले नव्हते.

हा मजकूर देवस्थळी यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, माझ्या बाजूने काही गाळलेले नाही.

सही : वि. ल. पेडणेकर