उरलेला तुकडा

— नाही मॅडम, आधी दार लावून घ्या, आणि चौकशीचं काय ते उभ्या उभ्याच विचारा, माझे हात मोकळे नाहीत. या गोठवायच्या पेटीत डोकावा — दिसला तुकडा? हरभऱ्याएवढा. ज्या बाईंची ही गाठ, त्यांना ऑपरेशनआधी नवं औषध दिलं होतं, ते गाठीच्या आतपर्यंत पोचलं की नाही, हे यातूनच कळणार. पोचलं असेल तर चालू ठेवायचं, नाहीतर बदलायचं. दोन तुकडे आले होते. पहिल्याची मागच्या आठवड्यात माती झाली — त्यासाठीच आलात तुम्ही, माहीत आहे मला.

कशानं झाली? ह्या बाटलीनं. चिकट जेल आहे. नेहमीच्या कामात तुकडा यातच गोठवतो आम्ही, म्हणजे कापताना हलत नाही. पण हे नवं यंत्र तुकड्याच्या पातळ कापावर कुठे कुठला पदार्थ आहे ते शोधतं — जेल लागलं की त्याला सगळीकडे जेलच सापडतं, औषध राहतं बाजूला. म्हणून इथे नुसता पाण्याचा थेंब. थेंब गोठला की तुकडा बसला. इतकं सोपं! आणि तेवढं त्या पोरीला जमू नये?

हो, तीच, बाहेर बाकावर बसलीय ती. दोन वर्षं शिकवलं मी तिला. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा काप ब्रशनं काचेवर घेते, एक सुरकुती नाही. हात चांगला आहे हो, मी कुठे नाही म्हणतोय? पण चूक ती चूक. मी? मी कसा करीन? एकतीस वर्षं झाली या पेटीसमोर, डोळे झाकून तुकडा बसवतो. उलट तीच मागे लागली होती — काका, आज मी बसवते, तुम्ही दमलात — म्हटलं, हो बाजूला, मला शिकवू नकोस — म्हणजे... ते दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी. लिहू नका ते.

आणि तिनं केलं नसतं तर बोलली नसती? तुमच्या साहेबांसमोर तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी जाईल म्हटलं तरी गप्प. का? मला काय माहीत का! माझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत, तिला ठाऊक आहे — पण त्याचा इथे काय संबंध? ती पोर गप्प का, घरी बायकोही तेच विचारते, ताटावर बसलं की. आठवडा झाला, ताट तसंच सरकवून उठतो मी.

जाऊ दे. जरा मागे सरका, श्वाससुद्धा इकडे सोडू नका. तुकडा बसवायची चकती थंड झाली. तुकडा चिमट्यात. आता नुसतं —

अहो! मनगट काय धरता माझं? सोडा! तुकडा पडला म्हणजे? आणि असं काय बघताय माझ्या हाताकडे...

ही जेलची बाटली मी कधी उचलली?

नाही, सोडू नका. धरूनच ठेवा. आता चिमटा घ्या माझ्याकडून — हां, सावकाश — ठेवा पेटीत. झाकण लावा. पोरीला बोलवा. म्हणावं, काका बाजूला झालेत, तू बसव. आणि त्या चौकशीच्या कागदावर तिचं नाव आहे ना, ते खोडा. माझं घाला. वाचून काय दाखवताय, लिहिलंत ना? मग जा. पोरीला आत पाठवा आधी.