वस्तऱ्याखाली गेलेला पट्टा

मुलगी बघायला गेलो तेव्हा दोन तास मी जागचा का हललो नाही, ते आज सांगूनच टाकतो. त्र्याण्णव साल असेल. सकाळी जामखेडला बाबूरावांकडं दाढीला बसलो, तर वस्तरा घासायचा त्यांचा चामड्याचा पट्टा कुत्र्यानं पळवलेला. म्हणाले, "तुमचा कमरेचा द्या की. अस्सल चामडं हाय."

दिला. खुर्चीच्या दांडीला अडकवून ते झकास घासायला लागले.

"पोरगी कुठली?"

"देवळालीची."

"आमची सासुरवाडी की ती," म्हणत बाबूराव माझ्याकडं वळले आणि परतीला पातं उलटायचं राहिलं. धार पुढं ठेवूनच वस्तरा ओढला गेला. पट्ट्याचे दोन तुकडे.

"धार बघा," ते म्हणाले.

पँट थोरल्या भावाची, चांगली ढगळ. मुलीकडं बसलो तो बसलोच. तिचे वडील म्हणाले, "चला, ऊस दाखवतो." म्हटलं, "नको, इथंच बरंय." ते सोबत आलेल्या माझ्या काकांना हळूच म्हणाले, "पोरगा लई स्थिर हाय."

लग्न ठरलं. बायको आजही म्हणते, "तेव्हा बसलात ते अजून उठला नाहीत."