मास्तरांच्या पेट्यांचा बारीक आवाज

नाव व पूर्ण पत्ता सोबतच्या कागदावर लिहून दिला आहे. वय २१ वर्षे, व्यवसाय शिक्षण, पदवीचे शेवटचे वर्ष. सकाळ-संध्याकाळ वडिलांच्या स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात मदत. राहणार दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत.

मी पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, तक्रारदार हे निवृत्त संगीतशिक्षक असून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांच्याकडे लाकडी पेट्यांचे दोन जुने स्पीकर आहेत. मोबाइलवरची गाणी त्यावर बिनतारी ऐकता यावीत म्हणून त्यांनी ते सोमवारी आमच्याकडे दिले. प्रत्येक पेटीत मोठा स्पीकर खालचा, जाड आवाज काढतो आणि लहान स्पीकर वरचा, बारीक आवाज काढतो. वडिलांनी काम पूर्ण करून बुधवारी दुपारी पेट्या घरपोच केल्या. पावतीवर 'तपासून दिले' असे लिहिले आहे. ती ओळ माझ्या अक्षरात आहे. कोऱ्या पावत्यांवर मी ती आधीच लिहून ठेवते. सही वडिलांची आहे.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मास्तर पेट्या रिक्षातून परत घेऊन आले व दुकानात लावून दाखवल्या. त्या वेळी दुकानात दोन गिऱ्हाइके होती. झालेले बोलणे मला आठवते तसे सांगते.

मास्तर म्हणाले, "विश्वासानं दिल्या होत्या तुमच्याकडे. आवाज घोंगडीत गुंडाळून परत केलात."

वडील म्हणाले, "बिनतारी आहे मास्तर, वाटेत थोडं सांडतंच."

"थोडं? अर्धं गाणं सांडलं! आतले जुने स्पीकर काढून भलतंच काही बसवलंत. बहिऱ्यालासुद्धा कळेल हो!"

वडिलांनी माझ्याकडे पाहून विचारले, "कसा आहे गं?"

मी म्हणाले, "चांगला आहे."

हे मी खोटे बोलले. पेट्या वाजू लागल्या तेव्हा मी मागच्या खोलीत होते. बारीक आवाज अजिबात येत नव्हता, हे मला तिथेच कळले होते. मास्तर म्हणाले, "बापाला झाकायचं आणि लेकीला काढायचं," आणि पेट्या उचलून निघून गेले. त्यांनी तक्रार दिली ती त्यानंतर. मी खरे बोलले असते तर दिली नसती असे मला वाटते.

खोटे का बोलले, असे हवालदारसाहेबांनी विचारले. त्याचे उत्तर असे की, आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. दुरुस्त झालेला प्रत्येक स्पीकर वडील लावतात आणि मला "कसा आहे?" असे विचारतात. मी आठवीत असल्यापासून हे चालू आहे. माझा कान तयार व्हावा म्हणून विचारतात, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते. दोन वर्षांपूर्वी मी मोबाइलवरून चाचणीच्या शिट्ट्या लावून पाहिल्या. वडील समोर जेवत होते. साडेतीन हजार हर्ट्झच्या वरची, म्हणजे बारीक आवाजाची, एकही शिट्टी त्यांना ऐकू आली नाही. मला सोळा हजारांपर्यंत आली. शेजारच्या काकू "कुकर बिघडला का गं?" म्हणून बघायला आल्या, तरी वडिलांनी मान वर केली नाही. आकडे मी वहीत लिहिले आहेत. वही सोबत आणली आहे. हा विषय आम्ही दोघांनी एकमेकांकडे कधी काढलेला नाही.

बुधवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी सकाळी साडेसातला घर सोडले व साडेपाचला परतले. तोपर्यंत पेट्या गेल्या होत्या. म्हणजे घरपोच करण्याआधी त्या पेट्या कोणीही ऐकलेल्या नाहीत.

माझ्या मते मूळचे लहान स्पीकर आत जागेवर आहेत व फक्त त्यांच्या तारा जोडायच्या राहिल्या आहेत. मी पेट्या उघडून पाहिलेल्या नाहीत, म्हणून खात्रीने सांगत नाही. त्या मास्तरांसमोर उघडाव्यात.

वडिलांनी आपल्या जबाबात "मी तपासून दिले" एवढेच सांगितल्याचे मला समजले. ते चौथी शिकले आहेत. तीस वर्षांत त्यांना कोणी लबाड म्हटले नव्हते. काल मास्तर म्हणाले तेव्हा ते गप्प बसले. दुसरा शब्द त्यांना कोणी म्हणू नये म्हणून ते गप्प बसले, असे मला वाटते. हा माझा अंदाज आहे. तो लिहायचा नसेल तर खोडावा.

आत येताना वडील मला म्हणाले, "असेल ते सांग. कमी नको, जास्त नको."

जबाब हवालदारसाहेबांनी वाचून दाखवायचा असतो. त्यांचा आवाज खर्जातला आहे आणि वडील दाराबाहेर बाकावर बसले आहेत. माझा आवाज बारीक आहे. माझे बोलणे वडिलांना ओठांवरून कळते. म्हणून परवानगी घेऊन मी हा जबाब दाराकडे पाठ करून, स्वतः मोठ्याने वाचला. सांगितला तसाच उतरला आहे व तो खरा आहे.