पाठमोऱ्या ड्रायव्हरची परीक्षा

सुज्ञ वाचकहो, स्टुडिओबाहेरील बाकावर शिवलेले पोशाख घेऊन बसलेल्या एका शिंप्याच्या कानी शेजारच्या बहीणभावाचा जो संवाद पडला, तो येथे यथामती सादर होत आहे.

"ताई, सिनेमाचे चार भाग नायकावर झाले. आता त्यातल्या खलनायकाच्या ड्रायव्हरवर वेगळा सिनेमा निघतोय, आणि ड्रायव्हर मी!"

"अजून झालास कुठे? परवा कॅमेऱ्यापुढे काय दिवे लावलेस?"

"मान आपोआप वळते गं. चारही भागांत नायकाच्या उड्या मीच मारल्या, पण चेहरा लपवून. ती सवय जात नाही."

"आई दर वेळी तुझी पाठ बघून टाळ्या वाजवते. एकदा तोंड तरी दाखव तिला!"

"आज पुन्हा वळलो, तर काम गेलंच."

"मी कॅमेऱ्यामागे उभी राहते. तू फक्त माझ्याकडे बघ."

"आत येऊ देतील तुला?"

"अडवून तर बघू देत!"

इतक्यात आतून पुकारा झाला व ती दोघे आत गेली. लोटलेल्या दारातून दिग्दर्शकाचे व त्या दोघांचे पुढील शब्द शिंप्यास स्पष्ट ऐकू आले.

"वा! आज चेहरा दिसला. म्हणा संवाद."

"रस्ता सोड, नाहीतर गाडी अंगावर... हॅहॅहॅ!"

"अहो, धमकी देताना हसताय काय?"

"साहेब, ताई वेडावतेय!"

"वेडावत नाहीये, धीर देतेय!"

"बाई, तुम्ही तिथून हलू नका. आमचा ड्रायव्हर हसतच धमकी देणार. शूटिंगला रोज यायचं, दोघांनीही!"

वाचकांनी अमूल्य वेळ दिला, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
बाकावरचा शिंपीकाका